आठ तासांतलं एक उत्तर

१४ सप्टेंबर २०२३, गुरुवार
चिपळूण

सोमवारपासून संसदेचं विशेष अधिवेशन आहे. काल संध्याकाळी कामकाजाची यादी जाहीर झाली. संविधान सभेपासूनच्या ७५ वर्षांच्या वाटचालीवर चर्चा आणि चार विधेयकं. प्रश्नोत्तराचा तास या अधिवेशनात नाही. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं, कारण दहावीच्या वर्गाला दाखवायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही सापडत नाही.

पुस्तकात ‘प्रश्नोत्तरे’ आणि ‘शून्य प्रहर’ हे दोन शब्द येतात, मुलं व्याख्या पाठ करतात आणि दोन गुण मिळवतात. वर्गातल्या पडद्यावर लोकसभेचे सकाळचे अकरा वाजले की चित्र बदलतं. अध्यक्ष प्रश्नाचा क्रमांक पुकारतात, मंत्री उभे राहून सांगतात की उत्तर पटलावर ठेवलं आहे, आणि खरा खेळ त्यानंतर, पुरवणी प्रश्नांत सुरू होतो. गोंधळाचा दिवस असला की मुलं पहिली काही मिनिटं हसतात. मग कुणीतरी विचारतं, ‘बाई, त्यांनी विचारलं ते पाण्याच्या टाकीचं, हे सांगतायत योजनेचं नाव. उत्तर दिलंच नाही ना?’ हे ओळखता आलं की माझं अर्धं शिकवून झालं.

हा तास घराघरांत दिसू लागला डिसेंबर १९९४मध्ये, दूरदर्शनवर. दोन्ही सभागृहांचा आलटून पालटून, एकेक आठवडा. तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष होते लातूरचे शिवराज पाटील. मी हे वर्गात दरवर्षी सांगते. आपल्या राज्यातल्या माणसाच्या कारकिर्दीत हे दार उघडलं, हे मुलांना माहीत असावं.

१८ सप्टेंबर, सोमवार
गाव, राजापूर तालुका

उद्या गणपती, म्हणून सकाळपासून माटवी बांधायची गडबड. कवंडळं, आंब्याचे टाळ, नारळ, सुपारीचे घोस. माजघरात मोबाईलला रेंज येत नाही, म्हणून मी पडवीत बसून जुन्या संसद भवनातला शेवटचा दिवस पाहिला. पंतप्रधान बोलले, मग विरोधी बाकांवरून अधीर रंजन चौधरी. पंडित नेहरूंपासूनची नावं निघत होती.

आप्पाकाका शेजारी येऊन बसले. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. दिल्लीच्या सभागृहाचं नाव निघालं की त्यांच्याकडून एकच नाव येतं, नाथ पै. आमच्या या जुन्या राजापूर मतदारसंघाने त्यांना १९५७पासून सलग लोकसभेत पाठवलं आणि १९७१च्या जानेवारीत ते गेले. काकांनी त्यांना मैदानातल्या सभेत ऐकलंय. मला म्हणाले, ‘तुझ्या त्या यंत्रात नाथ पै लाव बघू. लोकसभेतलं भाषण.’

लावता आलं नाही. सभागृहात तेव्हा कॅमेराच नव्हता. त्यांचे शब्द आहेत. लोकसभेच्या वादविवादांचे जुने खंड आता स्कॅन होऊन कुणालाही वाचता येतात. मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करण्याचा संसदेचा अधिकार परत मिळावा म्हणून १९६७मध्ये त्यांनी अशासकीय विधेयक आणलं, त्यावरची चर्चा त्यात सापडते. पण आवाजाची चढउतार, समोरच्याने अडवल्यावर थांबणं, सभागृह शांत होणं, यातलं काही कागदावर उतरलेलं नाही. त्यांच्यानंतर इथून निवडून गेलेल्या मधु दंडवत्यांची सभागृहातली बहुतेक वर्षंही अशीच नुसत्या अक्षरांत राहिली.

कॅमेरा आत आला तो उशिरा. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये २१ नोव्हेंबर १९८९ला, आणि आपल्याकडे त्यानंतर महिन्याभराने, २० डिसेंबरला, राष्ट्रपतींच्या अभिभाषणापासून. पुढे १९९६च्या मे महिन्यात वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारवरचा विश्वासदर्शक ठराव देशाने थेट पाहिला. आमच्या गावात तेव्हा दूरदर्शनसंच मोजक्या घरांत होते. आमचं घर त्यांपैकी नव्हतं, आम्ही खालच्या वाडीत गेलो होतो. बायकासुद्धा बसल्या होत्या ऐकायला. संसद म्हणजे काय ते मला पुस्तकाआधी तिथे कळलं.

१९ सप्टेंबर, मंगळवार
गणेश चतुर्थी

गणपती बसले. भटजी उशिरा आले, नैवेद्याला दोन वाजले. दिल्लीत नवीन इमारतीत लोकसभा सव्वा वाजता भरली, ते मी संध्याकाळी मागे नेऊन पाहिलं. कायदामंत्री अर्जुन राम मेघवाल यांनी महिला आरक्षणाचं विधेयक मांडलं, १२८वी घटनादुरुस्ती. विरोधी सदस्य उठले, विधेयकाची प्रत मिळाली नाही म्हणाले. सरकारकडून सांगण्यात आलं की ते संगणकावर टाकलेलं आहे.

हे दृश्य मला महत्त्वाचं वाटतं. ज्या कागदावर मत द्यायचं तो हातात कधी पडतो, हा प्रश्न सदस्याचा आहे तसा आपलाही आहे. विधेयक वाचलेलं नसेल तर चर्चा पाहून आपल्याला फार तर कोण किती चढ्या आवाजात बोललं ते समजतं. थेट प्रक्षेपणाच्या शेजारी, त्याच पानावर, विधेयकाची प्रत का असू नये?

२० सप्टेंबर, बुधवार

आज दिवसभर चर्चा चालली, जवळजवळ आठ तास. मी सलग पाहणार असं ठरवलं होतं. घरात पाहुण्यांची ये-जा असल्याने तुकड्यातुकड्यांनी पाहिली.

काँग्रेसकडून सुरुवात सोनिया गांधींनी केली. पाठिंबा दिला, ओबीसी स्त्रियांना वाटा मागितला, आणि कायदा ताबडतोब लागू करा म्हणाल्या. काकी तांदूळ निवडता निवडता ऐकत होती. हिंदी तिला कळतं, इंग्रजी सुरू झालं की ती माझ्याकडे बघते. सभागृहात सदस्यांच्या कानाशी दुभाष्याचा आवाज असतो. पडवीत ते काम मी केलं. धाकटी जाऊही येऊन बसली. एका खासदाराचं इंग्रजी भाषण मी वाक्यावाक्याने मराठीत सांगत होते, तेव्हा दोघींनी हातातलं काम खाली ठेवलं.

काकी एकदा आमच्या ग्रामपंचायतीत महिलांच्या राखीव जागेवरून सरपंच झाली होती. आपल्या राज्यात स्थानिक स्वराज्य संस्थांत २०११पासून स्त्रियांना निम्म्या जागा आहेत. त्यामुळे तिला या चर्चेतल्या कौतुकाच्या भाषणांत रस नव्हता. स्त्रीशक्ती, मातृशक्ती हे शब्द आले की ती पुन्हा तांदळाकडे वळायची. तिचा प्रश्न एकच, आणि तो तिने दिवसभरात पुन्हापुन्हा विचारला: ‘कधी लागू होणार ते सांग आधी. पुढच्या निवडणुकीला होणार काय?’

संध्याकाळी मतदान झालं. नवीन सभागृहातलं ते पहिलं मोठं मतदान चिठ्ठ्यांवर घेतलं, म्हणून वेळ लागला. बाजूने ४५४, विरोधात २. विरोधातले दोघे एमआयएमचे, असदुद्दीन ओवेसी आणि आपल्या औरंगाबादचे इम्तियाज जलील. मुस्लीम आणि ओबीसी स्त्रियांसाठी वेगळा वाटा नाही, ही त्यांची हरकत. ४५४ विरुद्ध २ असताना त्या दोघांचं म्हणणं पूर्ण ऐकायला मिळतं, हा या चित्रफितीचा मोठा गुण आहे. उद्याच्या बातमीत त्यांच्या वाट्याला एखादी ओळ येईल.

२१ सप्टेंबर, गुरुवार
गौरी आवाहन

काकीच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला बसले.

मला उत्तर माहीत होतं, विधेयक वाचलं होतं. नव्या ३३४अ या अनुच्छेदात लिहिलंय की कायदा झाल्यानंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे आले, त्यावरून मतदारसंघांची पुनर्रचना झाली, की मग आरक्षण लागू होईल. पण काकीला माझ्या तोंडून नको होतं. मंत्र्याने काय कबूल केलं ते तिला ऐकायचं होतं. सरपंच असताना तिने बीडीओंकडून बऱ्याच गोष्टी तोंडी ऐकल्या होत्या, म्हणून ती असं म्हणते.

संसद टीव्हीच्या यूट्यूब वाहिनीवर सगळं आहे. पूर्ण बैठकीची लांबलचक फीत आहे, महत्त्वाच्या वक्त्यांचे वेगळे तुकडे आहेत. तुकड्याच्या नावात वक्ता असतो, विधेयक असतं. आत तो कशाबद्दल काय बोलला, ते ऐकल्याशिवाय कळायला मार्ग नाही. लोकसभा सचिवालयाचा शब्दशः वृत्तांत आहे, पण तो वेगळ्या ठिकाणी आणि त्यातल्या ओळीवरून चित्रफितीतल्या मिनिटावर जाता येत नाही. गौरीच्या पावलांची रांगोळी काढून झाल्यावर मी अमित शहांचं भाषण लावलं आणि पुढेमागे करत बसले. निवडणूक झाल्यावर येणारं सरकार लगेच जनगणना आणि पुनर्रचना हाती घेईल, असं ते एका ठिकाणी म्हणतात. म्हणजे २०२४ला नाही. काकीने ते दोनदा ऐकलं. ‘मग आजच एवढे पेढे कशाला?’ एवढंच म्हणाली आणि हळदीकुंकवाच्या तयारीला उठली.

एका निवृत्त सरपंचाला एका साध्या प्रश्नाचं अधिकृत उत्तर मिळायला घरात राज्यशास्त्राची शिक्षिका असावी लागते. हे बरोबर नाही. लोकसभा आपल्या पैशाने चालते, तिचं चित्रीकरण आपल्या पैशाने होतं, ते साठवणंही आपल्या पैशाने. त्याची सूची मात्र नाही. ग्रंथालयातली पुस्तकं कपाटाऐवजी जमिनीवर ढीग करून ठेवली आणि दार उघडं टाकलं, तर वाचकांची सोय झाली असं कोणी म्हणणार नाही.

आणि हे अशक्य कोटीतलं काम नाही. ब्रिटनमध्ये मायसोसायटी या संस्थेने २००८मध्ये ते करून दाखवलं. त्यांच्या ‘दे वर्क फॉर यू’ या संकेतस्थळावर कॉमन्सचा लिखित वृत्तांत होताच. बीबीसी पार्लमेंटचं चित्रण घेऊन त्यांनी साध्या लोकांना हाक दिली: भाषण वाचा, फीत पाहा, ते भाषण सुरू झालं की बटण दाबा. लोकांनी घरी बसून हजारो भाषणं अशी मिनिटाशी जोडली. मग खासदाराचं नाव किंवा एखादा शब्द शोधला की मजकूर आणि त्याच्या शेजारी नेमका तो क्षण. पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट आहे ही. आता तर बोललेलं ऐकून अक्षरं करणारी यंत्रं आहेत. हिंदी-इंग्रजी सरमिसळ झाली की ती अडखळतात, पण अधिकृत वृत्तांत तयारच असल्याने चुका सुधारता येतात. तंत्र आहे, मजकूर आहे, चित्रण आहे. सांधायचं राहिलंय.

रात्री राज्यसभेने विधेयक मंजूर केलं, २१४ विरुद्ध शून्य. सभापतींनी आज पीठासीन होण्यासाठी फक्त स्त्री सदस्यांची तालिका नेमली होती. काकी त्या खुर्चीवर बसलेल्या बाईकडे बराच वेळ बघत होती.

२२ सप्टेंबर, शुक्रवार
गौरीपूजन

सकाळी पुतणीच्या मोबाईलवर एक छोटी फीत आली. काल रात्री लोकसभेत चांद्रयानावरच्या चर्चेत भाजपचे रमेश बिधुरी यांनी बसपचे दानिश अली यांना धर्मावरून शिव्या दिल्या. मी ती पूर्ण पाहिली. हात थरथरला. शब्द कामकाजातून काढून टाकले आहेत. राजनाथ सिंह यांनी सभागृहातच खेद व्यक्त केला.

पुतणी अकरावीत आहे. तिने विचारलं, ‘काढून टाकले म्हणजे? मी तर आत्ता ऐकले.’

लोकसभेच्या कामकाज नियमांत ३८० क्रमांकाचा नियम आहे. बदनामीकारक, असभ्य, असंसदीय किंवा सभागृहाच्या प्रतिष्ठेला न शोभणारे शब्द अध्यक्ष काढून टाकू शकतात. ३८१नुसार छापील वृत्तांतात त्या जागी फुल्या येतात आणि तळाशी टीप. हा नियम छापील कागदाच्या काळात चालत होता. १९५९च्या ‘सर्चलाइट’ खटल्यात बिहार विधानसभेने वगळलेलं भाषण वर्तमानपत्राने छापलं म्हणून संपादकावर हक्कभंगाची कारवाई सुरू झाली होती, आणि सर्वोच्च न्यायालयाने सभागृहाची बाजू उचलून धरली होती. आज शब्द उच्चारला जातो त्याच क्षणी तो हजारो फोनमध्ये गेलेला असतो. फुल्या नंतर पडतात.

मला यात एक गोष्ट ठामपणे वाटते. ज्याला शिवी दिली त्याच्या संरक्षणासाठी हा नियम असेल, तर फुल्यांमुळे त्याचं संरक्षण होत नाही. पन्नास वर्षांनी कुणी हा वृत्तांत वाचेल तेव्हा त्याला कळायला हवं की या दिवशी एका सदस्याला त्याच्या धर्मावरून काय ऐकावं लागलं, कोणी ऐकवलं, आणि सभागृहाने त्यावर काय केलं. शब्द गाळायचे तर गाळा, पण काय प्रकारचा अपशब्द होता, कोणाच्या आदेशाने गाळला, कोणी निषेध केला, कोणी खेद व्यक्त केला, एवढं अधिकृत फितीसोबत लिहिलेलं असावं. नाहीतर लोकांजवळ उरतो तो मागचापुढचा संदर्भ छाटलेला तुकडा, जो पाठवणाऱ्याच्या मर्जीप्रमाणे संतापासाठी वापरला जातो किंवा, त्याहून वाईट, कौतुकासाठी.

पुतणीला मी तो तुकडा पुढे पाठवू नकोस म्हणाले. तिने पाठवला नाही. दुपारी ओवसे घेऊन नव्या सुना आल्या आणि घर भरून गेलं.

२४ सप्टेंबर, रविवार
चिपळूण

परतले. महामार्गावर अपेक्षेप्रमाणे गर्दी.

गाडीत आप्पाकाकांचा एक प्रश्न डोक्यात होता. निघताना त्यांनी विचारलं, ‘तो कॅमेरा फिरवतो कोण?’ सत्तर वर्षं राजकारण पाहिलेल्या माणसाचा प्रश्न आहे. सभागृहात खाजगी वाहिन्यांचे कॅमेरे जात नाहीत. चित्रण संसदेच्या यंत्रणेचं. बाकीचे सगळे तेच घेतात. त्यामुळे कॅमेरा कुठे वळतो आणि आवाज कधी बंद होतो, याला फार महत्त्व आहे.

१८ फेब्रुवारी २०१४ला तेलंगण विधेयक लोकसभेत मंजूर होत असताना थेट प्रक्षेपण बंद पडलं. तांत्रिक बिघाड असं सांगण्यात आलं. तेव्हा सरकार काँग्रेसचं होतं. २० सप्टेंबर २०२०ला राज्यसभेत कृषी विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. मतविभागणीची मागणी होत होती आणि प्रक्षेपणातला आवाज गेला होता. गेल्याच महिन्यात, ९ ऑगस्टला, अविश्वास ठरावावर राहुल गांधी बोलले, तेव्हा त्यांच्या भाषणाच्या निम्म्याहून अधिक वेळ कॅमेरा दुसरीकडे होता असा काँग्रेसने आरोप केला. पक्ष बदलतात, तक्रार तीच राहते.

अमेरिकेत १९८४च्या मे महिन्यात याच्या उलट घडलं. प्रतिनिधीगृहाचे सभापती टिप ओ’नील यांनी कॅमेऱ्याला सभागृहभर फिरायला सांगितलं, आणि विरोधी पक्षाचे सदस्य जोरात भाषणं करत होते ती रिकाम्या खुर्च्यांसमोर, हे देशाला दिसलं. त्यावरून मोठा वाद झाला. ओ’नील यांचा हेतू प्रतिपक्षाला उघडं पाडण्याचा होता, पण रिकाम्या खुर्च्या दिसणं ही माहितीच आहे. आपल्याकडेही संध्याकाळच्या महत्त्वाच्या चर्चेला किती बाकं भरलेली असतात, हे मतदाराला दिसायला हवं. बोलणाऱ्यावर एक कॅमेरा आणि सभागृहावर दुसरा, दोन्ही चित्रं एकाच वेळी लोकांना उपलब्ध, आवाज कुणाच्या सांगण्यावरून बंद झाला तर त्याची नोंद. एवढं केलं तर निम्मे वाद मिटतील.

ज्या गोष्टीवर आपण हक्क सांगतो तिच्यासाठी कुणीतरी भांडलेलं असतं. संसदेतलं बोलणं खरेपणाने छापलं तर पत्रकारावर खटला होऊ नये, यासाठी फिरोज गांधींनी खासदार म्हणून विधेयक आणलं आणि १९५६मध्ये त्याचा कायदा झाला. आणीबाणीत त्यांच्याच पत्नीच्या सरकारने तो रद्द केला. १९७७मध्ये जनता सरकारने तो परत आणला, आणि १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने ३६१अ या अनुच्छेदात ते संरक्षण राज्यघटनेतच आलं. त्यात ‘बहुतांशी खरा’ वृत्तांत ही अट आहे. वीस सेकंदांचा कापलेला तुकडा या अटीत बसतो का, हा प्रश्न मी दहावीला नक्की घालणार आहे.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

काल राष्ट्रपतींनी सही केली. विधेयकाचा क्रमांक १२८ होता, कायदा झाला १०६व्या घटनादुरुस्तीचा. काकीला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, ‘बरं झालं. आता जनगणना कधी ते बघत राहा.’

आज आमच्या खासदारांना आणि लोकसभा अध्यक्षांना पत्र लिहिलं. प्रत्येक फितीखाली विषयवार सूची द्या, लिखित वृत्तांत तिच्या मिनिटांशी जोडा. मराठीतून आणि इतर भाषांतून ऐकण्याची सोय लोकांच्या फोनपर्यंत पोचवा. ऐकू न येणाऱ्यांसाठी खाली अक्षरं द्या. माझ्या वर्गात गेल्या वर्षी अशी एक मुलगी होती आणि ती फक्त चेहरे पाहत बसायची. संसदेच्या विभागवार स्थायी समित्या चोवीस आहेत, विधेयकांची खरी छाननी तिथे होते आणि ती सारी बंद दाराआड. सगळ्या बैठका खुल्या करता येणार नाहीत हे मला मान्य आहे. साक्षीदार आणि तज्ज्ञ बोलतात तेवढ्या तरी दाखवा. ब्रिटनमध्ये तशा दाखवतात.

डिसेंबरात नागपूरला आपल्या विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरेल. त्याचंही थेट प्रक्षेपण असतं. वाचकहो, तुमच्या आमदारांची एखादी लक्षवेधी सूचना निवडा आणि ती मंत्र्यांच्या उत्तरासह अखेरपर्यंत ऐका. उत्तर मिळालं नसेल तर आमदारांना पत्र लिहून विचारा, आणि ते मिनिट शोधायला किती त्रास झाला तेही त्या पत्रात लिहा.